मदत हवी आहे : काम-कुटुंब ओढाताणीची प्रश्नावली मराठीत आणताना

पाळीत काम करणाऱ्या नर्ससाठी कार्लसन, कॅकमार आणि विल्यम्स यांची २००० सालची प्रश्नावली मराठीत आणायची आहे. पाया ग्रीनहाउस-ब्यूटेल यांच्या १९८५च्या मांडणीचा: ओढाताण वेळेची, ताणाची किंवा वर्तनाची (एका ठिकाणी चालणारी वागणूक दुसरीकडे न चालणं). प्रत्येकाच्या दोन दिशा (कामाची झळ घराला, घराची कामाला), अशा ६ खणांत प्रत्येकी ३ विधानं, एकूण १८.

वेळ आणि ताण सहज उतरतात. अडतं ते वर्तनाच्या ६ विधानांपाशी. शब्दशः ठेवली तर अर्थ न कळून बऱ्याच जणी १ ते ५ या उत्तरांतला मधला ३ निवडतात. वॉर्डातल्या हुकमी आवाजाचं उदाहरण घातलं, तर मूळ प्रश्नावलीशी तुलना सुटते. तुम्ही काय केलंत?

'कुटुंब' म्हणजे सासू-सासरेही, हे सूचनेतच लिहावं का? उलट भाषांतर (पडताळणीसाठी मराठीतून पुन्हा इंग्रजीत) कुणाकडून करून घ्यावं? १८ची एकच बेरीज मात्र सुचवू नका, तिच्यात दिशाच हरवते.