रॅपरांच्या गळ्यातले सोने: ‘ओंगळ प्रदर्शन’ म्हणणाऱ्यांना उत्तर

पारिजात
काल येथे एका सदस्याने लिहिले की हिपहॉपमधील दागिने म्हणजे अचानक पैसा हाती आलेल्यांचे ओंगळ प्रदर्शन आहे आणि त्याला संस्कृती म्हणू नये. त्यावर इतक्या जणांनी माना डोलावल्या की गप्प बसवले नाही. 1980 साली रॅपर कर्टिस ब्लोच्या पहिल्या अल्बमच्या मुखपृष्ठावर उघड्या छातीवर साखळ्या झळकल्या, तेव्हा हे संगीत न्यूयॉर्कच्या ज्या ब्राँक्स भागात जन्मले तेथील इमारतींच्या रांगाच्या रांगा जळून ओसाड पडल्या होत्या. 1930 च्या दशकातील अमेरिकी सरकारी नकाशांत कृष्णवर्णीयांच्या वस्त्या तांबड्या रंगवून तेथे कर्ज देणे धोक्याचे ठरवले गेले होते, आणि 1968 च्या कायद्याने तो भेदभाव बेकायदा ठरला तरी बँकांची सवय काही लगेच गेली नाही. ज्याला घर घेऊ दिले जात नाही तो आपली मिळकत अंगावर घालणार, यात ओंगळ काय आहे? रन-डीएमसी या गटाचे दोरखंडासारखे गोफ, रॅपर स्लिक रिकची डोळ्यावरची पट्टी आणि त्याखाली गळाभर सोने, हे सारे आपल्यातला एकजण वर गेला हे वस्तीला दिसावे म्हणून होते. 2024 मध्ये न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीने रत्ने आणि खनिजांच्या दालनात याच दागिन्यांचे प्रदर्शन भरवले. तेथे जाऊनही आपण नाक मुरडणार का?

खडूस वाचक
अवश्य मुरडेन. संग्रहालयात ठेवल्याने वस्तू महत्त्वाची ठरते, स्तुत्य ठरत नाही. शिवाय आपण एक गोष्ट सोयीस्करपणे गाळलीत. 1980 च्या दशकाच्या अखेरीस डी ला सोल हा रॅप गट आणि त्यांच्या वर्तुळातील कलाकार सोने बाजूला ठेवून आफ्रिकेचा नकाशा असलेली चामड्याची पदके घालत होते. तेही त्याच समाजातले होते आणि त्यांचेही अल्बम विकले जात होते, त्यामुळे परिस्थितीने सोने घालायला लावले हा युक्तिवाद मला पटत नाही. आणि जे वस्तीला दिसते ते बंदूक बाळगणाऱ्यालाही दिसते. फेब्रुवारी 2020 मध्ये पॉप स्मोक हा अवघा 20 वर्षांचा रॅपर लॉस एंजेलिसमध्ये भाड्याच्या घरात दरोडेखोरांकडून मारला गेला, आणि त्यांनी नेलेले रोलेक्स घड्याळ 2,000 डॉलरना विकले गेल्याचे न्यायालयात सांगण्यात आले.

पिढीजात सराफ
‘मिळकत अंगावर घालणे’ या शब्दांना धंद्यातला माणूस म्हणून माझा आक्षेप आहे. अमेरिकेत 10 आणि 14 कॅरेटचे सोने सर्रास चालते, म्हणजे निम्म्याच्या आसपास मिश्रण. त्यावर शेकडो बारीक हिरे जडवलेले असतात (त्यांना पैलू बहुधा आपल्या सुरतेतच पडलेले असतात), आणि मधोमध कलाकाराचे नाव. असा नग मोडीत आला तर घडणावळ गेली, बारीक खड्यांना कोणी विचारत नाही, उरले ते हलके सोने. आमच्या आजीच्या 22 कॅरेटच्या पाटल्या ही मिळकत होती, हे नव्हे.

नागपूरची संत्री
मोडीचा हिशेब सराफांनी समजावून सांगावा, ही मोठीच मौज आहे. माझ्या आईचा कोल्हापुरी साज मोडायला नेला तेव्हा मण्यांतील लाखेचे वजन काटेकोरपणे वजा करण्यात आले. ते योग्यच होते; परंतु तोच साज त्याच पेढीने विकला तेव्हा त्या लाखेला सोन्याचाच भाव लावला होता, आणि याविषयी विचारताच “तेव्हा वडील बसायचे” असे उत्तर मिळाले. न्यूयॉर्कचा जवाहिऱ्या निदान 14 कॅरेटला 14 कॅरेट म्हणतो.

पिढीजात सराफ
एका पेढीच्या लबाडीसाठी समस्त सराफांना चोर ठरवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? आणि न्यूयॉर्कच्या जवाहिऱ्यांचे इतके कौतुक असेल तर जेकब अराबोचे नाव आठवा. रॅपरांचा हा सर्वांत लाडका जवाहिऱ्या अमली पदार्थांच्या टोळीशी संबंधित प्रकरणात नोंदी खोट्या केल्याबद्दल आणि तपास यंत्रणेशी खोटे बोलल्याबद्दल 2008 मध्ये तुरुंगवासाच्या शिक्षेस पात्र ठरला.

पारिजात
लाख आणि घडणावळ यांसाठी स्वतंत्र धागा काढावा, ही विनंती. गोफ म्हणजे मुदत ठेव नव्हे, हे मी मान्य करते. सराफ महोदयांचा विजय असो. पण तो धंद्यातला पत दाखवणारा कागद होता. रॉक-ए-फेला किंवा डेथ रो या रेकॉर्ड कंपन्यांचे पदक गळ्यात आले की हा कोणाचा माणूस आहे आणि त्याच्या पाठीशी कोण उभे आहे, हे न विचारता कळत असे. ज्या व्यवसायात करार होण्याआधी रुबाब पाहिला जातो, तेथे हा खर्च वायफळ नव्हता.

खडूस वाचक
हे मात्र पहिल्या युक्तिवादापेक्षा बरे आहे, आणि म्हणूनच अधिक वाईट. 1987 मध्ये एरिक बी. आणि रकीम या रॅप जोडीच्या गळ्यात होते ते त्यांचे स्वतःचे सोने, एवढे मी कुरकुरत मान्य करतो. कंपनीचे चिन्ह गळ्यात आले की अभिमान कलाकाराचा राहतो आणि जाहिरात मालकाची होते. 2021 मध्ये लिल उझी व्हर्ट या रॅपरने कपाळात गुलाबी हिरा बसवून घेतला; त्याच्याच सांगण्यानुसार त्याची किंमत 2 कोटी 40 लाख डॉलर होती आणि 2017 पासून तो पैसे भरत होता. यातून त्याने नेमक्या कोणत्या वस्तीला काय दाखवले, हे पारिजात यांनी सांगावे.

पिढीजात सराफ
कपाळातला हिरा निदान एकच आणि मोठा आहे, त्याला गिऱ्हाईक मिळेल. नावाचे पदक कोणी मोडीत आणलेच तर खडे मोजून परत देईन, लाख असल्यास तीही दाखवीन. घडणावळ मात्र मागू नये.