न्यू जर्सीहून फ्लोरिडा, शिडाच्या बोटीने: सगळं आतल्या वाटेने जमेल का?

निवृत्त_नाखवा
आम्ही नवरा-बायको दोघंच. बोट ४० फुटी, पाण्यापासून डोलकाठीच्या टोकापर्यंत ६२ फूट, त्यावर बिनतारी रेडिओची (व्हीएचएफ) ३ फुटी अँटेना. ड्राफ्ट, म्हणजे पाण्याखालचा भाग, साडेपाच फूट. ऑक्टोबरात निघायचं आहे, रात्री बोट चालवायची नाही. इंट्राकोस्टल वॉटरवे, म्हणजे किनाऱ्याला लागून आतून जाणारा जलमार्ग, त्यानेच पूर्ण जाता येईल का? पूल आणि गाळ, दोन्हींची धास्ती आहे.

खारं_वारं
पूर्ण नाही. न्यू जर्सीतला आतला मार्ग तुमच्या ड्राफ्टला उथळ. मॅनास्क्वान, अटलांटिक सिटी, केप मे असे दिवसाचे टप्पे समुद्रातून करा. केप मे कालव्यावरचे पूल ५५ फुटांचे, म्हणजे भूशिराला वळसा घालूनच डेलावेअर बेमध्ये शिरावं लागेल.

तिथे भरती धरून वर जायचं. पण भरतीचा ओघ वायव्येकडे जातो. थंड हवेची लाट येऊन गेल्यावर वारा वायव्येचा सुटतो, म्हणजे ओघाच्या बरोब्बर विरुद्ध. आखूड, उभ्या लाटा उठतात आणि बोट जागच्या जागी आपटत राहते. असा दिवस सोडा. पुढे डेलावेअर आणि चेसापीक जोडणारा सी अँड डी कालवा, चेसापीक उपसागर, मग नॉरफोक. वॉटरवेचा शून्य मैल तिथे.

विम्याचे कागद आधी वाचा. बऱ्याच पॉलिसींत चक्रीवादळांमुळे १ नोव्हेंबरपर्यंत ठरावीक रेषेच्या उत्तरेलाच राहायची अट असते. निघायची तारीख त्यावरून ठरवा.

गाळात_रुतलेला
पुलांचं सांगतो. कायम, म्हणजे न उघडणारे, पूल नावाला ६५ फुटांचे. नॉर्थ कॅरोलिनातला विल्करसन पूल मात्र ६४ चाच. अँटेना लवचीक असते, घासून जाईल. पण टोकावरचा दिवा आणि वाऱ्याचं यंत्र लवत नाहीत, ते धरून उंची मोजा. तिथे चंद्राची भरती नगण्य, पाणी वाऱ्याने चढतं-उतरतं. खांबावरची उंचीची पाटी दुर्बिणीतून वाचूनच पुढे व्हा. मायामीचा ज्युलिया टटल ५६ फुटांचा. पोर्ट एव्हरग्लेड्सहून बाहेर पडून समुद्रातून मायामीला उतरा.

उघडणाऱ्या पुलांना व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलिनात रेडिओच्या चॅनेल १३ वर हाक मारायची, त्यांच्या दक्षिणेला चॅनेल ९ वर.

नॉरफोकहून खाली दोन वाटा फुटतात. त्यातला डिस्मल स्वॉम्प कालवा दिसायला सुरेख, पण तिथे जेमतेम ६ फूट पाणी आणि तळाशी बुडालेले ओंडके. दुसरी वाट, व्हर्जिनिया कट, घ्या.

खारं_वारं
जॉर्जियाबद्दल राहिलंच. भरती-ओहोटीत ७ ते ९ फुटांचा फरक. हेल गेट आणि लिटल मड रिव्हर हे दोन तुकडे पाणी चढत असतानाच पार करा. रुतलात तरी तेच पाणी उचलेल. उधाणाच्या भरतीला अगदी माथ्यावर रुतलात, तर पुढच्या भरतीलाही सुटका होईलच असं नाही. प्लॉटरवर (बोटीवरच्या नकाशाच्या पडद्यावर) आर्मी कोअरचे, म्हणजे लष्कराच्या अभियंता दलाचे, खोलीचे ताजे सर्व्हे घ्या, जुन्या नकाशावर विसंबू नका.

नांगराचं गणितही तिथेच चुकतं. ओहोटीला पाणी १० फूट, नाळेची (बोटीच्या पुढच्या टोकाची) पाण्यापासून उंची ४, म्हणून १४ च्या पाचपट ७० फूट साखळी सोडली. रात्री पाणी ८ फूट चढलं की तेच प्रमाण तीनपटीच्या आसपास येतं आणि नांगर घसरतो. २२ धरून ११० फूट सोडा, वारा असेल तर १५०.

निवृत्त_नाखवा
आभारी आहे. दिवसाला किती धरावं? आणि बोयांचे, म्हणजे पाण्यातल्या वाटखुणांचे, रंग दक्षिणेला जाताना कसे?

गाळात_रुतलेला
नकाशावरचे मैल जमिनीचे आहेत, सागरी नव्हेत. ६ नॉट्सने (तासाला ६ सागरी मैल) नकाशावरच्या ५० मैलांना सव्वासात तास, त्यात पुलांवरचा खोळंबा वेगळा. नोव्हेंबरात उजेड दहा-साडेदहा तासच, तेव्हा ४०-४५ पुरे. ओन्स्लो बीचजवळ लष्कराचा गोळीबाराचा सराव चालतो, तेव्हा वाट बंद असते. आदल्या दिवशी चौकशी करा.

लाल खुणा उजवीकडे. पण समुद्राचं मुख जिथे येऊन मिळतं तिथे रंग उलटू शकतात. खुणेवरचा छोटा पिवळा त्रिकोण-चौकोन बघा: त्रिकोण उजवीकडे, चौकोन डावीकडे, खुणेचा रंग कुठलाही असो. अशा ठिकाणी एकाने सुकाणू सोडायचं नाही आणि दुसऱ्याने दुर्बीण.