बी विंग (फक्त कामाचे मेसेज)

पाटील, सेक्रेटरी: उद्या सकाळी ११ ते २ लाईन बंद राहील. सहकार्य करावे.

७०१ जोशी काकू: कुठली हो? पाण्याची की लाईटची? उद्या मला पुरण घालायचंय.

३०२ मोहिते: गॅसची असेल. काल गेटपाशी कोणीतरी खाली वाकून बघत होतं.

४०१ रोहन: नेटची नको प्लीज, माझं सबमिशन आहे.

५०३ वानखेडे वहिनी: मी तर दोन पिंपं भरून मोकळी झाले. पोरांना म्हटलं मोबाईल पण चार्जिंगला लावा. आता गॅस कशात भरून ठेवू?

१०३ सावंत काका: रेल्वेत ३४ वर्षं काढली. तिथे नुसतं "लाईन बंद" म्हणून कोणी फोन ठेवला असता तर दुसऱ्या दिवशी चौकशी लागली असती. अप का डाऊन, स्लो का फास्ट, हे सांगायलाच लागतं. "लाईन क्लिअर" म्हणजे पुढच्या स्टेशनाने दिलेली परवानगी, की पाठव गाडी. ती आल्याशिवाय गाडी सोडायची नाही. पाटील, फोन उचला.

४०१ रोहन: सर, इंग्रजीत सगळ्यात जास्त अर्थ "रन"ला आहेत ना? ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात नुसत्या क्रियापदाचे ६४५ म्हणे.

६०२ देशपांडे सर: हो. १९८९ च्या आवृत्तीत "सेट" पुढे होता, आता "रन". पण आपल्या विंगमध्ये "लाईन"ला तोड नाही. नळाची लाईन, शेताची लाईन (ती रात्रीच येते), सोन्याच्या लाईनीतला जावई, पोलीस लाईनीतली खोली, आणि बुमराहची लाईन अँड लेंथ. पोरगा नोकरीला लागला की "लाईनीला लागला". एवढी कामं आपण ज्या शब्दाकडून करून घेतो तो मुळात काय आहे सांगू? जवस.

५०३ वानखेडे वहिनी: जवस??? चटणीचं?

६०२ देशपांडे सर: तेच. लॅटिनमध्ये जवसाला "लिनुम". त्याच्या खोडाच्या वाखाचा धागा तो "लिनेआ". त्या दोरीवरून इंग्रजांची लाईन. कापड झालं ते लिनन. कोटाला आतून लिनन लावायचे म्हणून ते लायनिंग. म्हणजे काकूंच्या ब्लाऊजचं अस्तर आणि सावंतांची फास्ट लाईन एकाच शेतातली.

७०१ जोशी काकू: माझं अस्तर सुती असतं.

६०२ देशपांडे सर: बरं.

५०३ वानखेडे वहिनी: आमच्याकडे अमरावतीला जवस कोरडंच भाजतात. तडतडायला लागलं की लगेच उतरवायचं, नाहीतर कडू होतं. मग लसूण, तिखट, मीठ घालून कुटायचं. इतकी वर्षं लाईन कुटत होते म्हणा की. उद्या डबा पाठवते सरांना.

३०२ मोहिते: आमच्या कामात अजून दोरीच आहे सर. वीटकाम करताना दोन्ही टोकांना खिळे ठोकून मध्ये लाईनदोरी ताणतात. वीट दोरीला टेकू द्यायची नाही, नखाएवढी फट ठेवायची. टेकली की दोरी ढकलली जाते आणि भिंतीला पोट येतं. ४०१ च्या बाल्कनीत आलंय तसं.

४०१ रोहन: काका ते पब्लिकमध्ये कशाला

६०२ देशपांडे सर: वा मोहिते! लाईन म्हणजे दोरी, म्हणजे लाईनदोरी म्हणजे दोरीदोरी. पावरोटीसारखंच. पोर्तुगीजांचा पाव आणि आपली रोटी, दोन्ही एकच. आणि आपला सुतार तरी कोण? सूत्रधार. सूत धरणारा.

२०४ (नवीन भाडेकरू): सुप्रभात. जीवन एक प्रवास आहे...

२०४ (नवीन भाडेकरू): हा मेसेज डिलीट करण्यात आला

१०३ सावंत काका: मरीन लाईन्स राहिलं सर. पोरांना वाटतं समुद्राकाठची लाईन. तिथे मरीन बटालियनच्या बराकी होत्या. लष्करात बराकींच्या रांगांना लाईन्स म्हणतात. नागपूरची सिव्हिल लाईन्स गोऱ्या मुलकी साहेबांची.

४०१ रोहन: आणि लाईन मारणे?

६०२ देशपांडे सर: ते आपल्याकडचं उत्पादन. इंग्रजाला सांगितलंस तर तो पट्टी आणून देईल.

पाटील, सेक्रेटरी: सॉरी, गाडी चालवत होतो. १४२ मेसेज??? अहो, ०३ च्या लाईनची ड्रेनेज लाईन. चोकअप काढायचाय. बाकी कोणाचं काही बंद नाही. आणि ग्रुपवर आलोच आहे तर, मेंटेनन्सची डेडलाईन १० तारीख होती. चार जण बाकी आहेत.

६०२ देशपांडे सर: पाटील, जपून. डेडलाईन हा शब्द अमेरिकेच्या यादवी युद्धातला. १८६४, जॉर्जिया, अँडरसनव्हिलची कैद्यांची छावणी. तटाच्या आत एक साधं लाकडी कुंपण होतं. कैद्याने ते ओलांडलं की पहारेकरी गोळी घालायचा.

पाटील, सेक्रेटरी: आपण २१ टक्के व्याज लावतो.

३०२ मोहिते: गोळी परवडली.

५०३ वानखेडे वहिनी: थांबा थांबा. ०३ म्हणजे आम्हीच की. म्हणजे पाणी येणार, पण सांडायचं नाही? मग ही दोन पिंपं कशाला भरली मी?

१०३ सावंत काका: वहिनी, हात जोडतो, ११ नंतर एक तांब्याही ओतू नका. मी सगळ्यांच्या खाली आहे. मागच्या वेळी वरून कोणीतरी मशीन लावलं आणि साबणाचा फेस माझ्या बाथरूमच्या जाळीतून वर आला.

७०१ जोशी काकू: म्हणजे ०१ च्या लाईनीत माझं पुरण होईल ना?

पाटील, सेक्रेटरी: होईल काकू. ०३ वाल्यांनी आंघोळी, भांडी, मशीन सगळं १०.३० पर्यंत उरकावं.

५०३ वानखेडे वहिनी: ठीक. पिंपातलं पाणी खाली कुंड्यांना घालते. रोहन, एक पिंप उचलायला ये रे.