कावडीने वजनाची मर्यादा वाढते का? डी अँड डीच्या नियमांवरील एक वाद

अमळनेरचा डीएम

आमचा गट डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) हा कल्पित पात्रे घेऊन खेळायचा साहसी खेळ 5व्या आवृत्तीच्या 2014 च्या नियमांनी खेळतो. मागच्या सत्रात एका खेळाडूने थडग्यात सापडलेल्या, प्रत्येकी 90 पौंडांच्या दोन पेट्या दहा फुटी काठीच्या टोकांना टांगल्या आणि कावड खांद्यावर घेऊन तो निघाला. त्याच्या पात्राची स्ट्रेंग्थ, म्हणजे ताकदीचा अंक, 10 आहे, त्यामुळे पंधरापटीने वाहण्याची मर्यादा 150 पौंड होते. काठी आणि अंगावरचे सामान धरून त्याचे ओझे 220 पौंडांवर गेले होते. डीएम (डंजन मास्टर), म्हणजे खेळ चालवणारा व नियमांचा निवाडा करणारा, म्हणून मी नकार दिला. त्यावर त्याने दाखवून दिले की ढकलणे, ओढणे आणि उचलणे यांची मर्यादा तीसपट, म्हणजे 300 पौंड आहे, आणि वाहण्याच्या मर्यादेपलीकडे गेल्यास एका पाळीतला वेग 5 फुटांवर आणणारे पुढचे वाक्य केवळ ढकलणे व ओढणे यांचेच नाव घेते. सबब, कावड 'उचलून' धरली तर तो 30 फुटांच्या पूर्ण वेगाने चालू शकतो.

हा युक्तिवाद शब्दांत बसतो, पण तो मान्य केला तर 150 पौंडांच्या मर्यादेला काही कामच उरत नाही, कारण मग प्रत्येक जण प्रत्येक वस्तू उचलूनच चालेल. 2024 च्या नियमांत त्या वाक्यात उचलणेही आले आहे, त्यामुळे मूळ हेतूबद्दल मला शंका वाटत नाही. आपले मत काय?

धुळेकर

पळवाटेबद्दल सहमत आहे, निकालाबद्दल नाही. ओझे कसे वाहिले जाते याला काहीच किंमत नसेल, तर खेळाडूने डोके चालवायचे कशासाठी? डोक्यावर चुंबळ ठेवून, पाठीवर किंवा कावडीने नेलेले तेच वजन शरीराला सारखे जाणवत नाही, हे रावेर-यावलच्या केळीच्या बागांत घड वाहणारा कोणीही सांगेल. मी कावडीला मर्यादेत चौथाई वाढ दिली असती आणि बदल्यात एक हात अडकवला असता.

अमळनेरचा डीएम

धुळेकर, 150 पौंड म्हणजे सुमारे 68 किलो. स्ट्रेंग्थ 10 म्हणजे चारचौघांसारखा माणूस, आणि मूळ नियमात तो एवढे ओझे घेऊनही वेग जराही कमी न होता चालतो. पन्नास किलोची सिमेंटची गोणी खांद्यावर घेऊन बाजारपेठेतून एक फेरी मारून पाहावी, म्हणजे हा आकडा किती उदार आहे ते कळेल. कावड, चुंबळ, पट्टे हे सारे शहाणपण त्या पंधरापटीत आधीच गृहीत धरलेले आहे असे मी मानतो; त्यावर आणखी चौथाई देणे म्हणजे एकाच युक्तीचे दाम दोनदा मोजणे. शिवाय तुमची वाढ दिली तरी मर्यादा 187 च्या आसपासच येते, 220 नव्हे.

धुळेकर

मग ऐच्छिक भार-नियम घ्या. त्यात पाचपटीच्या पुढे, म्हणजे इथे 50 पौंडांनंतरच, वेग 10 फुटांनी घटतो. दहापटीच्या पुढे तो 20 फुटांनी घटतो आणि स्ट्रेंग्थ, डेक्स्टेरिटी (चपळाई) व कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) यांच्या फाशांच्या फेकींवर डिसॲडव्हान्टेजही (दोन फेकींतली कमी आकड्याची धरणे) येतो. हे आकडे उदार नाहीत, म्हणून तुमचा युक्तिवाद तिथे लागू होत नाही. कावडीने पहिला टप्पा माफ व्हावा, कमाल मर्यादा तीच राहावी, आणि अरुंद बोळात दहा फुटी काठी वळवता न येण्याची अडचण खेळाडूने सोसावी.

अमळनेरचा डीएम

ऐच्छिक नियम वापरणाऱ्या गटासाठी हे मला पटते. आम्ही तो वापरत नाही.

शहादेकर

मला दोघांनी मिळून वाहण्याचा प्रश्न अधिक रंजक वाटतो, कारण त्याबद्दल नियम जवळजवळ गप्पच आहेत. आमच्याकडे सातपुड्याच्या पाड्यांतून रुग्णाला बांबूला बांधलेल्या झोळीत घालून खाली आणावे लागते. वर्तमानपत्रे त्याला 'बांबूलन्स' म्हणतात, जणू ती एखादी सोयच आहे. खेळात 160 पौंडांचा जखमी साथीदार 65 पौंडांच्या प्लेट चिलखतासह झोळीत असेल, तर बांबू वगळून 225 पौंड होतात. स्ट्रेंग्थ 10 असलेल्या दोघांनी निम्मे निम्मे घेतले, तर प्रत्येकाच्या वाट्याला 112 पौंडांहून थोडे अधिक येते, आणि स्वतःचे सामान 30 पौंडांपर्यंत असेल तर दोघेही मर्यादेत राहतात. मात्र एक जण पडला की सगळा भार दुसऱ्यावर येतो, आणि त्याच क्षणी त्याचा वेग 5 फुटांवर आला पाहिजे. तीव्र उतारावर मी निम्मे निम्मे मानणार नाही. झोळी सरकून खालच्या माणसाच्या अंगावर येते.

धुळेकर

याच न्यायाने अमळनेरच्या खेळाडूने कावडीचे दुसरे टोक साथीदाराच्या खांद्यावर दिले असते, तर कोणताही नियम न वाकवता पेट्या बाहेर आल्या असत्या.

भुसावळकर

एवढ्या चर्चेत खेचराची कोणालाच आठवण झाली नाही. नियमपुस्तकात ते 8 सोन्याच्या नाण्यांना मिळते आणि 420 पौंड वाहते. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात इतका सरळ भाव सांगणारा कोणी भेटणार नाही.

अमळनेरचा डीएम

भाऊ, थडग्याच्या पायऱ्या खेचर उतरत नाही, वाद तिथूनच सुरू झाला. पुढच्या सत्रात दोन खांद्यांचा तोडगा मी मान्य करणार आहे, पण एका अटीवर: वाटेत हल्ला झाला तर कावड टाकून देणे दोघांनाही फुकट, आणि ती पुन्हा खांद्यावर घ्यायला दोघांचीही ॲक्शन, म्हणजे त्या पाळीतली मुख्य कृती, खर्च होईल.