गॅरीज मॉड घेतलाय, सँडबॉक्स बघून झाला, आता गेममोड कुठून सुरू करायचे? आणि स्वतःचा बनवता येतो का?

खोकाबहाद्दर

मंडळी, गॅरीज मॉड हा कॉम्प्युटरवरचा गेम नुकताच घेतलाय. एकट्यानेच सँडबॉक्स, म्हणजे वाटेल त्या वस्तू टाकून मोकळं खेळायचा मोड, उघडला, क्यू दाबून मेनू आणला, बाथटब टाकला, त्याला थ्रस्टर (वस्तूला ढकलणारी इंजिनं) चिकटवले, उडवला, भिंतीवर आपटला, मजा आली. पण पुढे काय करायचं तेच कळेना, ना लेव्हल, ना मिशन, ना स्कोअर. ज्याने घ्यायला लावला तो म्हणतो अरे खरी मजा लोकांनी बनवलेल्या गेममोडमध्ये, म्हणजे याच गेममध्ये चालणाऱ्या वेगळ्या नियमांच्या खेळांत, आहे, सर्व्हरवर जा. म्हणून सर्व्हर लिस्ट उघडली तर डोकंच गरगरलं, टीटीटी, प्रॉप हंट, डार्कआरपी, मर्डर, आणखी काय काय, आणि प्रत्येक सर्व्हर आत जाताना ढीगभर फाइली डाउनलोड करायला लावतो आणि आत गेल्यावर भिंती जांभळ्या-काळ्या चौकड्यांच्या दिसतात आणि मधूनच लाल अक्षरात एरर लटकत असतो, हे काय प्रकरण आहे?

आम्ही सहा-सात मित्र आहोत, सगळ्यांकडे गेम आहे. आम्ही आधी कुठला मोड खेळावा? आणि दुसरं म्हणजे डोक्यात एका मोडची कल्पना आहे, ती प्रत्यक्षात आणायला किती शिकावं लागेल? प्रोग्रामिंग थोडंफार येतं, गेम कधी बनवला नाही.

निवांत_नेमबाज

आधी ते जांभळं-काळं. टेक्सचर, म्हणजे पृष्ठभागावरचं चित्र, तुझ्या मशीनवर नसेल तर जांभळ्या-काळ्या चौकड्या येतात आणि मॉडेल, म्हणजे वस्तूचा आकार, नसेल तर तिथे लाल एरर येतो, गेम बिघडलेला नाही. टीटीटीचे बरेच जुने मॅप काउंटर-स्ट्राइक सोर्स या दुसऱ्या गेमच्या सामानावर बांधलेत, ते सामान नसलं की असं दिसतं. सर्व्हरवाल्यांनी बहुतेक वेळा स्टीम या गेमच्या दुकानाच्या वर्कशॉपवर, म्हणजे लोक आपण बनवलेल्या गोष्टी ठेवतात तिथे, कलेक्शन दिलेलं असतं, ते आधीच सबस्क्राइब करून ठेव, मग आत जाताना ताटकळावं लागत नाही.

आता मोड. सहा-सात जण असाल तर डोळे झाकून टीटीटी, म्हणजे ट्रबल इन टेररिस्ट टाऊन. २०१२ ला गॅरीज मॉडची १३ वी आवृत्ती आली तेव्हापासून तो गेमसोबतच मिळतो, वेगळा उतरवावा लागत नाही. राउंड सुरू झाला की साधारण चौघांत एक या हिशोबाने ट्रेटर, म्हणजे बाकीच्यांना गुपचूप मारणारे, ठरतात, ट्रेटर एकमेकांना ओळखतात, बाकीच्यांना, म्हणजे इनोसंटना, काही माहीत नसतं. डिटेक्टिव्ह, म्हणजे इनोसंटच्या बाजूचा तपास करणारा, सगळ्यांना दिसतो पण डीफॉल्ट सेटिंगवर तो ८ खेळाडू झाल्याशिवाय येत नाही, तुमच्यात येणारच नाही, तेव्हा ती मर्यादा खाली आण, एक डिटेक्टिव्ह असला की खेळ एकदम बदलतो.

आणि कोण खोटं बोलतंय हे ओळखायचे खेळ खूप आहेत, पण इथे गेम ज्यावर चालतो त्या सोर्स इंजिनचं फिजिक्स त्या खेळात मिसळलेलं आहे आणि माझ्या मते सगळी जान तिथे आहे. मेलेला माणूस रॅगडॉल, म्हणजे सैल बाहुली, होऊन तिथेच पडून राहतो. त्याच्याजवळ जाऊन ई दाबलं की तो कोण होता, कशाने मेला, किती वेळ झाला हे कळतं, आणि जोपर्यंत कोणी ते बॉडी तपासत नाही तोपर्यंत स्कोअरबोर्डवर बिचाऱ्या इनोसंटना तो जिवंतच दिसतो. म्हणजे ट्रेटरने मारलं की काम संपत नाही, ते बॉडी लपवायला लागतं. प्रत्येकाच्या हातात मॅग्नेटो स्टिक असते, तिने बॉडी उचलायचं, ओढत न्यायचं, पाण्यात टाकायचं, कोपऱ्यातल्या पिंपांमागे कोंबायचं, आणि हे चालू असताना हात अडकलेले असतात, कोणी दारातून आलं तर गोळी झाडायला वेळ लागतो. पाय दारात अडकतो, हात वस्तूत गुंततो, आणि बाहेर कोणीतरी विचारत असतं की अमुक कुठे गेला. तो ताण कोणी लिहून आणलेला नाही, फिजिक्समधून आपोआप येतो. मेलेले लोकही नुसते बघत बसत नाहीत, ते एखाद्या वस्तूत शिरून ती थोडी थोडी हलवू शकतात, मग रिकाम्या खोलीत बाटली उडी मारते आणि सगळे दचकतात.

एकच सांगतो, कर्मा चालू ठेवा. १००० पासून सुरू होतो, आपल्याच माणसाला मारलं की घटतो आणि कमी झाला की तुमच्या गोळीचा जोर कमी होतो. मित्रांमित्रांत उगाच गोळ्या झाडायची खोड त्याने आटोक्यात राहते.

वेल्डवाली

नेमबाज दादाचं टीटीटीबद्दल सगळं पटलं पण एक गोष्ट खटकली, सँडबॉक्स बघून झाला असं प्रश्नकर्ता म्हणतोय आणि कोणीच त्याला अडवत नाहीये. थ्रस्टर लावलेला बाथटब म्हणजे सँडबॉक्स नाही रे, ती नुसती पहिली पायरी.

हा गेम २००४ च्या डिसेंबरात हाफ-लाइफ २ या गेमचा मॉड, म्हणजे त्यात केलेला बदल, म्हणून आला, गॅरी न्यूमनने बनवलेला, आणि २००६ च्या नोव्हेंबरात स्टीमवर स्वतंत्र विकायला लागला, २०२१ पर्यंत २ कोटींच्या वर कॉपी गेल्या. एवढ्या लोकांना त्याने धरून ठेवलं ते त्या टूलगनमुळे, म्हणजे वस्तू जोडायच्या हत्यारामुळे, असं माझं ठाम मत आहे. वेल्ड (घट्ट जोड), ॲक्सिस, बॉलसॉकेट, रोप, हायड्रॉलिक, नो-कोलाइड (दोन वस्तू एकमेकींना अडवत नाहीत), ही टूलं नीट हातात बसली की बाकीचे सगळे मोड वेगळ्या नजरेने दिसायला लागतात, कारण त्यांच्यातल्या वस्तू याच नियमांनी हलतात.

साधी गाडी बनवून बघ. एक पत्रा, चार चाकं, वर खुर्ची. बहुतेकांची पहिली गाडी सुरू करताच थरथरायला लागते आणि मग आकाशात निघून जाते. कारण असं की प्रत्येक जोड एक अट असते आणि इंजिन दर टिकला, म्हणजे हिशोबाच्या दर क्षणाला, त्या सगळ्या अटी एकदम पूर्ण करायला बघतं, त्यात हलक्या वस्तूवर जड वस्तू जोडलेली असली किंवा दोन वस्तू एकमेकीत घुसलेल्या असल्या की उत्तर जुळत नाही आणि तो फरक धक्क्यातून बाहेर येतो. म्हणून वजनाच्या टूलने पत्रा जड कर, चाकांचं वजन त्याच्या फार खाली ठेवू नकोस, चाक आणि पत्रा यांच्यात नो-कोलाइड लाव, आणि सगळं एकमेकांना वेल्ड करत बसण्यापेक्षा एका मुख्य पत्र्याला वेल्ड कर. बांधताना फिजगनने, म्हणजे वस्तू उचलायच्या बंदुकीने, राइट क्लिक करून वस्तू जागेवर फ्रीझ करत जा, फिरवायला ई धर, शिफ्ट पण धरलंस तर ठरावीक कोनात सरळ बसतं. सगळं झालं की आर पटकन दोनदा, सगळं सुटतं.

पुढे वायरमॉड हे ॲडऑन, म्हणजे वरून जोडायचं सामान, आहे, त्यात सेन्सर, बटणं, गेट जोडता येतात आणि एक्स्प्रेशन २ नावाची छोटी भाषा आहे. लोकांनी त्यात चालणारे पाय असलेली यंत्रं बनवलीत, नुसतं बघायलाही छान वाटतं.

मध्यरात्र_मेयर

डार्कआरपीचं नाव घेतलंस म्हणून लिहितो, सहा-सात जणांत तो सुरूच करू नका. त्याला गर्दी लागते. शहर असतं, त्यात नोकऱ्या घ्यायच्या, पोलीस, चोर, दुकानदार, मेयर, दारं विकत घ्यायची, मेयर कायदे लिहितो, लॉकडाउन लावतो, लॉटरी काढतो. पैसे छापायचं मशीन बेकायदा असतं, तापतं, कधीकधी फुटतं. आणि नेमबाजने फिजिक्सचं म्हटलं ते इथेही लागू आहे, ते मशीन म्हणजे मेनूमधला आकडा नव्हे, खोलीत ठेवलेली खरी वस्तू आहे, चोर ते ग्रॅव्हिटी गनने उचलून खिडकीतून नेऊ शकतो, म्हणून लोक घराला पत्र्यांचे कप्पे करतात, कीपॅडवर उघडणारी दारं करतात, आणि सँडबॉक्समध्ये शिकलेलं सगळं तिथे कामाला येतं.

पण तिथे कोडपेक्षा माणसांचे नियम जास्त चालतात. कारण नसताना कोणाला मारलं तर ते आरडीएम, मेल्यावर आधीच्या जन्मातलं आठवायचं नाही हा न्यू लाइफ रूल, आणि हे पाळून घ्यायला ॲडमिन जागेवर लागतात. चांगले ॲडमिन असलेला सर्व्हर सापडला तर त्यासारखं काही नाही. नाही सापडला तर दहा मिनिटांत बाहेर या आणि दुसरा बघा, एका वाईट सर्व्हरवरून पूर्ण मोडला नावं ठेवू नका एवढीच विनंती.

प्रॉप हंट मात्र आज रात्रीच खेळा. लपणारे खुर्ची, डबा, कुंडी होऊन बसतात, शोधणाऱ्याने चुकीच्या वस्तूवर गोळी झाडली की त्याचंच हेल्थ जातं. हा मोड इतका चालला की २०१७ मध्ये कॉल ऑफ ड्यूटीच्या मॉडर्न वॉरफेअर रीमास्टर्डमध्येही प्रॉप हंट आला. हौशी लोकांनी जोडलेली गोष्ट एवढ्या मोठ्या गेममध्ये गेली याचा मला खूप अभिमान वाटतो.

खोकाबहाद्दर

सगळ्यांचे मनापासून आभार. आम्ही टीटीटी आणि प्रॉप हंट दोन्ही खेळलो आणि बॉडी लपवण्याबद्दल जे लिहिलंय ते शब्दशः खरं आहे. वेल्डवाली ताई, गाडी अजून थरथरते पण उडत नाही.

आता माझी कल्पना. एक जड खोका आहे, तो मॅपच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला न्यायचा, एकट्याने हलत नाही, तीन-चार जण लागतात, आणि त्यांच्यातलाच एक जण गुपचूप अडवतोय. सुरुवात कुठून करू? आणि खोका एकट्याने उचलता येऊ नये हे कसं करायचं?

लुआलुआ

कल्पना चांगली आहे आणि पहिल्या मोडला झेपेल एवढीच आहे, म्हणून लिहितो.

मोड लुआ या प्रोग्रामिंग भाषेत लिहायचा. गेममोड्स फोल्डरमध्ये तुझ्या मोडच्या नावाचं फोल्डर, त्यात त्याच नावाची टेक्स्ट फाइल, आणि आत गेममोड नावाच्या फोल्डरमध्ये तीन फाइली, एक फक्त सर्व्हरसाठी, एक फक्त खेळाडूच्या मशीनसाठी, एक दोघांत सामाईक. सुरुवातीला लोक सगळं एकाच फाइलीत कोंबतात आणि मग हे चालत का नाही म्हणून डोकं धरून बसतात. सरळ हिशोब ठेव, नियम आणि फिजिक्स सर्व्हरवर, चित्र आणि मेनू खेळाडूकडे. अडवणारा कोण आहे ही माहिती ज्याची त्यालाच पाठव, सगळ्यांना पाठवून स्क्रीनवर लपवलीस तर कोणीतरी ती वाचणारच.

सँडबॉक्सवरून मोड काढू नकोस, बेस नावाच्या मूळ मोडवरून काढ. सँडबॉक्सवरून काढलास तर क्यू मेनूही येतो आणि लोक खोक्याखाली थ्रस्टर लावून निघून जातील.

आता वजन. हाताने ई दाबून साधारण ३५ किलोपर्यंतची वस्तू उचलता येते आणि ग्रॅव्हिटी गन डीफॉल्टला २५० पर्यंत उचलते. तेव्हा खोक्याचं फिजिक्स ऑब्जेक्ट घेऊन त्याचं मास ५०० ठेवलंस की दोन्ही रस्ते बंद. ते ऑब्जेक्ट खरंच मिळालंय का हे आधी तपास, नाहीतर पहिल्याच ओळीला एरर येईल. फिजगनला वजनाची फिकीर नसते, ती कोणाला देऊच नकोस, आणि दिलीस तर ती काही उचलायला निघते तेव्हा जो हुक, म्हणजे त्या वेळी आपोआप चालणारं फंक्शन, चालतो त्यातून फॉल्स परत कर.

मग हलवायचा कसा? दर थोड्या वेळाने टायमर चालव, खोक्याच्या जवळ उभं राहून ई धरलेले किती जण आहेत ते मोज, आणि प्रत्येक जण ज्या दिशेला बघतोय त्या दिशेला खोक्यावर थोडा फोर्स लाव. एकाचा फोर्स घर्षणाला पुरणार नाही इतका कमी ठेव. आणि इथे तुझा गुपचूप अडवणारा आपोआप तयार होतो बघ, तो सगळ्यांसोबत उभा राहतो, ई धरतो, आणि किंचित तिरका बघतो. खोका हळूहळू भिंतीकडे सरकायला लागतो आणि कोणामुळे ते कळत नाही. त्याला वेगळी शक्ती, वेगळं हत्यार काही देऊ नकोस, मी तरी देणार नाही.

फाइल सेव्ह केली की चालू गेममध्येच बदल लागू होतो, सारखं बंद-चालू करायला नको. मित्रांसाठी सर्व्हर भाड्याने घ्यायचीही गरज नाही, नवीन गेम सुरू करताना सिंगल प्लेअरऐवजी खेळाडूंची संख्या निवड आणि पीटूपी, म्हणजे वेगळ्या सर्व्हरशिवाय थेट जोडणं, चालू करून फक्त मित्रांसाठी ठेव. आणि वर्कशॉपवरून कोणाचंही ॲडऑन डोळे मिटून सर्व्हरवर चढवू नकोस, काहींच्या आत मागचं दार, म्हणजे बाहेरच्याला चोरून आत येता येईल असा कोड, ठेवलेलं असतं, कोड वाच मगच टाक.

वेल्डवाली

लुआलुआ दादाने तिरकं बघण्याचं सुचवलंय ते भारीच आहे, मला तर आताच खेळावंसं वाटतंय.

फक्त खोक्याचं मॉडेल निवडताना बघ. हाफ-लाइफ २ ची ती नेहमीची लाकडी पेटी घेऊ नकोस, ती आपटली किंवा गोळी लागली की फुटते आणि अर्ध्या रस्त्यात राउंडच संपेल. न फुटणारं धातूचं काहीतरी घे, आणि रुंद, बसकं घे, उंच घेतलंस तर पहिल्या उतारावर आडवं होईल आणि मग ते ढकलायचं सोडून सगळे उभं करण्यातच अडकतील. आणि उतार असलेला एखादा तरी भाग मॅपमध्ये नक्की ठेव, तिथे कोणीतरी एकाने ई सोडलं तरी ५०० किलो मागे यायला लागतं आणि खाली उभ्या माणसाचं काही खरं नाही.