टाइप १ मधुमेह : स्टेम सेलच्या बातमीत तथ्य किती?

नाशिकची_आई
मुलगी नऊ वर्षांची, टाइप १. रात्री शुगरचा सेन्सर वाजला की तिला उठवून ग्लुकोजचं पाणी पाजायचं, सकाळी शाळेचा डबा मोजून भरायचा, असं चाललंय. दिरांनी बातमी पाठवली की अमेरिकेत स्टेम सेलपासून (म्हणजे वेगवेगळ्या पेशी होऊ शकणाऱ्या मूळ पेशींपासून) बनवलेल्या पेशी देऊन लोकांचं इन्सुलिन बंद झालं. इकडे एक क्लिनिक त्याच नावाखाली अडीच लाख मागतंय. दोन्ही एकच का? सासूबाई बांगड्या मोडायला निघाल्यात.

साखरझोप
ताई, बांगड्या आधी परत कपाटात ठेवायला सांगा.

मीही टाइप १, आणि बॉस्टनला पेशी वाढवायच्या लॅबमध्येच कामाला (बातमीतली कंपनी नव्हे). बातमी खरी आहे. कंपनी व्हर्टेक्स. मूळ काम हार्वर्डच्या डग मेल्टन यांचं. त्यांच्या दोन्ही मुलांना टाइप १, म्हणून माणूस त्यामागे हात धुऊन लागला. २०१४ मध्ये त्यांच्या गटाने स्टेम सेलपासून इन्सुलिन देणाऱ्या बीटा पेशी करून दाखवल्या. ढवळत राहणाऱ्या बाटलीत, ठरलेल्या क्रमाने रसायनं बदलत, महिनाभर पोसायच्या. पुंजके तयार झाले की पाण्यात भिजलेल्या रव्यासारखे दिसतात. एक दिवस क्रम चुकला की सगळा घाणा वाया.

रुग्णाला या पेशी यकृताकडे जाणाऱ्या शिरेतून देतात, पूर्ण डोस ८० कोटी पेशींचा. २०२५ मध्ये छापून आलेल्या निकालात असा डोस घेतलेल्या १२ पैकी १० जणांचं इन्सुलिन वर्षाअखेरीस बंद होतं. पण सगळे प्रौढ, आणि शुगर उतरलेली कळतच नाही असे. शिवाय परक्या पेशी शरीराने मारू नयेत म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालूच. त्या चाचणीतला एक जण बुरशीच्या मेंदूज्वराने गेला. औषधांविना भागावं म्हणून पेशी डबीत बंद करून बसवायचा प्रयोगही झाला, तो त्याच वर्षी गुंडाळला. नऊ वर्षांच्या पोरीला हा सौदा मी तरी सुचवणार नाही. इन्सुलिन परवडलं.

डॉ_कोल्हापूर
आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार डायबिटीससाठी स्टेम सेल फक्त नोंदणी केलेल्या चाचणीतच देता येतात, आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. क्लिनिकला सीटीआरआयचा, म्हणजे चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला, नोंदणी क्रमांक विचारा. उत्तरावरून काय ते कळेल.

नाशिकची_आई
विचारला. रिसेप्शनवरची म्हणाली, साहेब जेवायला गेलेत. चार वाजता परत फोन केला, तर म्हणे अजून जेवतायत.