टेक्सासचं ब्रिस्केट: फॅटी की लीन?

ऑस्टिनकर
इथे बार्बेक्यूच्या दुकानात ब्रिस्केट मागितलं की कापणारा पहिला प्रश्न विचारतो, फॅटी की लीन? माझं मत: लीनच खायचं तर एवढी रांग कशाला लावायची! बीफच्या छातीच्या या तुकड्यात दोन स्नायू असतात. चपटा 'फ्लॅट' म्हणजे लीन (कमी चरबीचा), आणि त्यावरचा जाडजूड 'पॉइंट' म्हणजे फॅटी. पोस्ट ओक या लाकडाच्या धुरात १२-१४ तास काढले की पॉइंटमधली चरबी वितळून मांसात मुरते, मांस चिवट ठेवणाऱ्या कोलॅजनचं मऊ जिलेटिन होतं, वर मीठ-मिऱ्याची काळी खरपूस साल. बास! (बीफ न खाणाऱ्यांनी धागा ओलांडून पुढे जावं, इथे तो वाद नको.)

मिरपूड
साफ असहमत. पॉइंटमध्ये चुका चरबीखाली झाकल्या जातात. पिटमास्टरचा, म्हणजे मांस भाजणाऱ्या उस्तादाचा, कस लागतो तो फ्लॅटमध्ये. काप बोटावर टाकला की दोन्हीकडे लोंबायला हवा, पण तुटता कामा नये. शिवाय लीन म्हणजे कोरडं ठणठणीत नव्हे, कापावर चरबीची पट्टी असतेच.

ऑस्टिनकर
कस पिटमास्टरचा, पैसे माझे!

मिरपूड
म्हणूनच म्हणतो. बहुतेक ठिकाणी दोन्हींचा भाव एकच, मग चरबी कशाला तोलून घ्यायची? आणि परंपरेचंच म्हणाल, तर टेक्सासमधल्याच लॉकहार्टच्या क्राइट्स मार्केट या बार्बेक्यू दुकानाची (स्थापना १९००) जुनी ख्याती शोल्डर क्लॉडची, म्हणजे खांद्याच्या कमी चरबीच्या मांसाची. तेही सॉसशिवाय. हे फॅटीचं कौतुक अलीकडचं.

डॅलसची मावशी
अरे, दोन्ही स्नायू एकाच तुकड्यात शिजतात, खरी गोची तिथेच आहे. पॉइंट मऊ होईपर्यंत फ्लॅट वाळायला लागतो. त्यात ७० अंश सेल्सिअसच्या आसपास मांसाच्या आतलं तापमान तासन्‌तास हलत नाही, कारण ओलावा उडताना मांस घामासारखं थंड होत राहतं. म्हणून बरेच जण तेव्हा ते बुचर पेपरमध्ये (खाटकाच्या जाड कागदात) गुंडाळतात. ऑस्टिनच्या फ्रँकलिन बार्बेक्यू या दुकानाने (स्थापना २००९) ती पद्धत घरोघरी पोचवली. ९५ अंशांच्या आसपास सुई लोण्यात शिरावी तशी शिरली की उतरवायचं आणि तासभर तरी मुरू द्यायचं. ही विश्रांती चुकवली तर लीनवाल्यांचे हाल. आणि दोन्ही स्नायूंमधले मांसाचे धागे वेगवेगळ्या दिशांना जातात, सुरी फिरवून त्यांना आडवं कापायला हवं. गर्दीत हे सगळ्यांना जमत नाही, म्हणून अनोळखी दुकानात मी फॅटीच घेते.

मिरपूड
मावशी, तुम्ही तर माझाच मुद्दा सिद्ध केलात! चांगलं लीन देणारं दुकान तेच खरं दुकान. शिवाय घरी आणलेलं फॅटी गार झालं की चरबी पांढरी थिजते. दुसऱ्या दिवशी टाकोत भरायला लीनच बरं.

ऑस्टिनकर
उरलं तर ना! काही दुकानांत काउंटरशी पोचलं की एक तुकडा चाखायला देतात. तो कुठल्या बाजूचा असतो, विचारा एकदा.

मिरपूड
फुकटात मलाही फॅटी चालतं.